तुळशीच्या लग्नानंतर गोवा, होळीनंतर घर : निवृत्त जोडप्यांचा हिवाळा

सातपूरकर :

नमस्कार मंडळी. आम्ही दोघंही निवृत्त. मी नाशिकला कारखान्यात होतो, सौ. शाळेत शिक्षिका. गेली काही वर्षं आम्ही तुळशीचं लग्न लावून नाशिक सोडतो आणि होळी झाली की परत येतो. मधला काळ गोव्यातल्या फोंड्यात, भाड्याच्या घरात. ओळखीतली मंडळी सारखी विचारत असतात, घर कसं मिळालं, दवाखान्याचं काय, करमतं का. म्हणून एकदा सविस्तर लिहितो. इतरांनीही आपापले अनुभव लिहावेत.

कारण साधं आहे. सौ.ला दमा आहे आणि नाशिकची थंडी आता तिला झेपत नाही. शहरात पारा १० अंशांच्या आसपास येतो, निफाडला तर ५-६ पर्यंत उतरतो. त्यात द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. बागायतदारांना दोष नाही, मणी तडकले तर वर्षाची मेहनत जाते. पण गार कोरडी हवा आणि वर धूर, अशी पहाट दम्याच्या माणसाला फार जड जाते. याउलट पणजीत जानेवारीतही पहाटे १९-२० अंश असतात आणि दुपारी ३१-३२. समुद्र सावकाश तापतो, सावकाश निवतो, त्यामुळे किनारपट्टीवर रात्र आणि दिवस यांत फार ओढाताण होत नाही. फोंडा थोडं आत आहे, पहाटे एक चादर लागते, पण स्वेटर आम्ही बॅगेतून काढत नाही.

घर शोधताना समुद्र हा निकष आम्ही आधीच काढून टाकला. पर्यटक चार दिवसांसाठी येतो, त्याला वाळू हवी. सत्तरीकडे झुकलेल्या माणसांना चार महिने काढायचे तर पायी जाता येईल असा बाजार हवा, औषधाचं दुकान हवं, ओळखीचा डॉक्टर हवा, बस हवी आणि संध्याकाळी बोलायला माणसं हवीत. हे सगळं फोंडा, म्हापसा, मडगाव, डिचोली अशा गावांत आहे. किनाऱ्यावरच्या वस्तीत ते महाग मिळतं आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पैसे देऊनही मिळत नाही.

आमचं घर म्हणजे एका बैठ्या घरावर बांधलेला वरचा मजला. मालकांचा मुलगा बोटीवर नोकरीला, तो उन्हाळ्यात रजेवर येतो तेव्हा त्याला ही जागा लागते. हिवाळ्यात ती रिकामी असते. दोघांची सोय जुळली. असं घर जाहिरातीत सापडत नाही. पहिल्या वर्षी आम्ही देवळाच्या भक्तनिवासात थोडे दिवस राहिलो, रोज पायी फिरलो, वाण्याला, न्हाव्याला, पुजाऱ्यांना विचारलं, तेव्हा हे मिळालं.

मृदुला_पुणे :

काका, धाग्याबद्दल मनापासून आभार. सासूसासऱ्यांसाठी हेच मनात घोळतंय. सासऱ्यांना संधिवात आहे, पुण्यात जानेवारीत सकाळी जिना उतरणं कठीण होतं. दोन प्रश्न. भाड्याचा अंदाज साधारण कसा धरायचा? आणि दोघंच तिथे राहणार म्हटल्यावर आम्हाला इथे धीर राहील का?

बार्देशकर :

मी म्हापशाचा. घरभाड्याचं मी सांगतो, कारण आमच्याकडे दोन खोल्या भाड्याने दिलेल्या असतात.

गोव्यात भाड्याचे दोन वेगळे बाजार आहेत. एक पर्यटकांचा, तो दिवसावर चालतो आणि नाताळात कैक पटींनी चढतो. दुसरा गावातला, महिन्याचा, ११ महिन्यांच्या कराराचा. तुम्हाला दुसऱ्या बाजारात शिरायचं आहे. कळंगुट, बागा, हणजूण, हरमल या पट्ट्यात मालकाला दिवसाचा हिशोब परवडतो, तो तुम्हाला चार महिन्यांसाठी महिन्याच्या दराने का देईल? म्हापसा, अस्नोडा, डिचोली, साखळी, फोंडा, कुडचडे इथे विचारा. मालकाला तुमच्यात जे हवं ते म्हणजे शांत माणसं, वेळेवर भाडं आणि मार्चअखेर जागा मोकळी होईल हा भरवसा. पेन्शनर जोडपं त्याला आवडतंच.

करार लेखी करा. भाडेकरूंची पोलीस पडताळणी इथे सक्तीची आहे, मालक टाळाटाळ करत असेल तर तुम्हीच आधार कार्डाच्या प्रती देऊन ती करून घ्या. पाणी नळाचं आहे की टँकरचं, विहीर आहे का, हे नोव्हेंबरात विचारून उपयोग नाही, मार्चमध्ये काय होतं ते विचारा. वीज जाते. इन्व्हर्टर आहे का ते बघा, विशेषतः कुणाला रात्री यंत्र लावून झोपावं लागत असेल तर.

आणि एक कळकळीची विनंती. इथे फ्लॅट विकत घेऊन आठ महिने कुलूप लावून ठेवू नका. आमच्या गावात अशा बंद खिडक्यांच्या इमारतीच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि गावातल्या नव्या लग्न झालेल्या मुलांना भाड्याने दोन खोल्या मिळत नाहीत. सातपूरकरांनी केलं तसं करा. भाड्याने राहा, गावातल्या माणसाच्या हातात पैसे जाऊ द्या.

पेन्शनर_मुलुंड :

बार्देशकर, तुमचं शेवटचं म्हणणं पटलं. आम्ही फ्लॅट बघत होतो, आता थांबतो.

डॉक्टर_सांगलीकर :

मी फिजिशियन आहे, माझे बरेच वयस्क रुग्ण हिवाळ्यात कोकणात किंवा गोव्यात जातात. काही गोष्टी मुद्दाम लिहितो.

थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो. त्यामुळे थंड गावातल्या कित्येकांचा गोळ्यांचा डोस हिवाळ्यात वाढवलेला असतो. तोच डोस घेऊन उबदार जागी गेलं, वर घाम येऊ लागला, की रक्तदाब खाली येऊन उठताना चक्कर येऊ शकते. लघवीची गोळी चालू असणाऱ्यांना हे जास्त लागू. म्हणून निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना भेटा आणि तिथे पोचल्यावर पहिले दोन आठवडे रक्तदाब लिहून ठेवा. डोस स्वतःच्या मनाने कमी करू नका.

दम्याच्या रुग्णांना गोव्याची हवा मानवते, पण बंद घर मानवत नाही. जून ते सप्टेंबर पावसात बंद राहिलेल्या खोलीत भिंतींवर, कपाटांच्या मागे, गाद्यांत बुरशी धरते. अशा घरात पहिल्याच रात्री झोपलात तर नाशिकच्या थंडीपेक्षा जास्त त्रास होईल. मालकांना आठवडाभर आधी खिडक्या उघडायला, गाद्या उन्हात टाकायला आणि भिंती कोरड्या फडक्याने पुसून घ्यायला सांगा. आपली उशी घरूनच न्या.

फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने, निघण्याआधी घ्या. इन्सुलिन प्रवासात थंड पिशवीत ठेवा, पण बर्फाला थेट टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे एका कागदावर दोघांचे आजार, चालू औषधं, ॲलर्जी, शेवटचा ईसीजी कधीचा, मुलांचे फोन नंबर हे लिहून तो कागद फ्रिजवर लावा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

वसुधा_म :

डॉक्टरांनी लिहिलेल्या कागदाबद्दल मला सांगायचं आहे. आम्ही काणकोणला राहत होतो. पाळोळेच्या जवळ, फार सुंदर जागा. पायवाटेने पाच मिनिटांत समुद्र. एका रात्री हे बाथरूममधून येताना पडले आणि मांडीचं हाड मोडलं. जवळ जो दवाखाना होता तिथे रात्री हाडांचे डॉक्टर नव्हते. मडगाव चाळीसेक किलोमीटर. शेजारच्या घरातला मुलगा धावत आला, त्याने १०८ ला फोन लावला, तो आमच्याबरोबर गाडीत बसून आला आणि सकाळपर्यंत थांबला. हे रक्त पातळ होण्याची गोळी घेतात, हे मला त्या गोंधळात आठवलंच नसतं. आमच्या कागदावर ते ठळक अक्षरांत होतं आणि ऑपरेशनची वेळ त्यावरूनच ठरली. आमचा मुलगा दुसऱ्या दिवशी बेंगळुरूहून पोचला.

आता हे चालतात, काठी घेऊन. आम्ही यंदाही गोव्यातच आहोत, पण पर्वरीला. इथून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज मांडवी ओलांडली की जवळच आहे. राहण्याची जागा ठरवताना नकाशावर आधी मोठं हॉस्पिटल शोधा आणि तिथून अर्ध्या तासाच्या आत घर घ्या. समुद्र बसने जाऊनही बघता येतो. बाथरूममध्ये पकडायला दांडा बसवून घ्यायला मालक कधीच नाही म्हणत नाहीत, खर्च आपण करायचा.

सातपूरकर :

वसुधाताई, वाचून अंगावर काटा आला. साहेबांना लवकर काठीशिवाय चालता येवो.

मृदुलाताई, धीर कसा राहील या प्रश्नाचं उत्तर वसुधाताईंच्या शेजारच्या मुलात आहे. आम्ही दरवर्षी त्याच घरात, त्याच गल्लीत जातो ते याचसाठी. नवं गाव बघायची हौस मोठी असते, पण या वयात ओळख ही खरी मिळकत आहे. आमच्या फोंड्याच्या मालकांकडे आमच्या मुलाचा नंबर आहे, मुलाकडे त्यांचा, आणि खाली राहणाऱ्या वहिनी सकाळी आठपर्यंत आमची खिडकी उघडली नाही तर वर येऊन हाक मारतात.

खर्चाचं म्हणाल तर शासकीय योजनांवर फार विसंबू नका. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना तिथल्या निदान पाच वर्षांच्या रहिवाशांसाठी आहे, आपल्याला लागू नाही. बांबोळीलाही २०१८ पासून बाहेरच्या राज्यांतल्या रुग्णांना शुल्क पडतं. ते योग्यच आहे, तिथल्या लोकांच्या करावर ते चालतं. ज्यांची सत्तरी झाली आहे त्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड मात्र काढूनच ठेवावं. ऑक्टोबर २०२४ पासून ते मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि योजनेतल्या हॉस्पिटलांत देशभर चालतं. स्वतःचा विमा असेल तर गोव्यातली कोणती हॉस्पिटलं रोकडरहित घेतात ती यादी आधी मागवा.

उमा_कोथरूड :

थोडं वेगळं बोलते. हिवाळ्यात गोव्याला जायचं म्हटलं की आमच्याकडे हे आनंदाने तयार होतात. मी होत नाही. माझं भजनी मंडळ इथे आहे, भिशी इथे आहे, शेजारणी इथे आहेत. तिकडे गेल्यावर हे सकाळी फिरायला जातील, पेपर वाचतील आणि मी परक्या स्वयंपाकघरात अपुऱ्या भांड्यांत तोच स्वयंपाक करीन. शिवाय नातीची शाळा हिवाळ्यातच असते. सुनेची नोकरी आहे, नातीला दुपारी घेणारी मी. आम्ही चार महिने निघून गेलो तर त्या मुलीचं काय? या धाग्यावर पुरुषमंडळीच जास्त लिहितायत, म्हणून विचारते.

सातपूरकरीण :

उमाताई, यांच्याच मोबाइलवरून पण माझ्या खात्यातून लिहिते आहे.

तुमचा प्रश्न माझाही होता. पहिल्या वर्षी निघताना मी यांना स्पष्ट सांगितलं की दोन्ही वेळचा स्वयंपाक मी तिकडे करणार नाही. फोंड्यात दुपारचा डबा येतो, भात, आमटी किंवा हुमण म्हणजे माशांची आमटी, भाजी, सोलकढी. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की हे खाली उतरतात आणि उंडे नाहीतर कोंडा लावलेल्या पोई घेऊन येतात, चहाही हेच करतात. रात्री मी काहीतरी हलकं करते. त्यामुळे दुपार माझी असते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला दुपार मिळाली आहे.

भजनी मंडळाचं म्हणाल तर फोंड्याला तुम्हाला ते शोधावं लागणार नाही, तेच तुम्हाला शोधत येईल. आजूबाजूला मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, नागेशी, रामनाथी, सगळी देवळं. माझा गळा बरा आहे म्हटल्यावर खालच्या वहिनी मला सोमवारी घेऊन जाऊ लागल्या. त्यांच्याकडून खतखतं शिकले. भाज्या शिजत आल्या की तिरफळं हलकी ठेचून घालायची, ओली असतील तर हिरवीच, आणि झाकण लगेच ठेवायचं. मी पहिल्यांदा तिरफळाची बी काढली नव्हती, त्यांनी माझ्या हातातून पळी घेऊन एकेक वेचून काढली आणि मला दाखवलं की काळी बी आत कडक असते, वास सालीला असतो. आता मी नाशिकला तिरफळं आणते आणि माझ्या भिशीत खतखतं होतं.

नातवंडांचं मात्र सोपं उत्तर नाही. आमच्या मुलाने त्या चार महिन्यांसाठी पाळणाघर ठरवलं, तो खर्च आम्ही देतो. सुनेशी आधी बसून बोललो, मुलाकरवी निरोप पाठवला नाही. नाताळच्या सुट्टीत ती सगळी आमच्याकडे येतात. मी इतकंच सांगेन की माझा दमा गंभीर झाला असता तर नातीला घेणं तसंही माझ्याच्याने झालं नसतं. तुम्ही निरोगी असाल आणि नात तुमच्यावर अवलंबून असेल तर चार महिने कशाला, जानेवारीतले तीन आठवडे जाऊन बघा.

उमा_कोथरूड :

मनापासून लिहिलंत. तीन आठवड्यांची कल्पना पटते आहे. तिरफळं पुण्यात मिळतात, खतखतं आधी करून बघते.

मिसिसागाकर :

आम्ही कॅनडात पस्तीसेक वर्षं. इथली निवृत्त मंडळी थंडी सुरू झाली की गाड्या भरून फ्लोरिडा, ॲरिझोनाकडे निघतात, ही इथली जुनी रीत आहे. आम्हीही दोन हिवाळे फ्लोरिडात काढले. हवा छान, पण संध्याकाळी बोलायला कुणी नाही. मग गोव्याचा विचार केला. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे मन लगेच बसलं.

आमच्यासारख्यांसाठी नियम थोडे वेगळे आहेत. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असेल तर व्हिसा लागत नाही आणि परदेशी नागरिक म्हणून नोंदणीही करावी लागत नाही. आमच्या ओंटारियो प्रांताचा आरोग्यविमा टिकवायचा तर कुठल्याही बारा महिन्यांत निदान १५३ दिवस ओंटारियोत असावं लागतं, म्हणजे हिवाळा भारतात काढायला अडचण नाही. भारतातल्या आयकराचं मात्र बघा. १८२ दिवस झाले की निवासी ठरता, आणि भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर १२० दिवसांपासूनच प्रश्न सुरू होतो. येण्याजाण्याच्या तारखा सीएला दाखवूनच तिकिटं काढा. कॅनडाचा सरकारी विमा भारतातल्या हॉस्पिटलचा खर्च भागवत नाही असंच समजून चला, प्रवासी विमा वेगळा घ्या आणि त्यात आधीपासूनचे आजार धरले आहेत का ते वाचा.

बार्देशकर :

मिसिसागाकर ताई, कळंगुट आणि काणकोण भागात ब्रिटिश पेन्शनर जोडपी असाच हिवाळा काढायला येत. ठरलेलं घर, ठरलेली खाट, ठरलेला शॅकवाला. चार्टर विमानांनी नोव्हेंबरात यायचे, उन्हाळ्याच्या तोंडाला जायचे. माझ्या आत्याच्या घरी एक जोडपं वर्षानुवर्षं येत होतं, आत्या गेली तेव्हा त्यांनी तिकडे चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना करवली. परदेशी पाहुणा ठेवला की घरमालकाला २४ तासांत त्याच्या माहितीचा सी फॉर्म भरावा लागतो, तेवढं ध्यानात ठेवा, कुणी परदेशी मित्र बरोबर आणणार असाल तर.

पेन्शनर_मुलुंड :

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. त्यासाठी मुंबईला परत यावं लागतं का? आणि बंद घराची काळजी कशी घेता?

सातपूरकर :

यावं लागत नाही. जीवन प्रमाण ही डिजिटल सोय २०१४ पासून आहे आणि आता तर मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो. चष्मा काढा, खिडकीकडे तोंड करून बसा, मागे उजेड नको, नाहीतर चेहरा ओळखला जात नाही. नाही जमलं तर पोस्टात सांगा, पोस्टमन घरी येऊन अंगठा घेऊन दाखला काढून देतो, थोडं शुल्क असतं. ऐंशी पूर्ण झालेल्या केंद्रीय पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, त्यांनी निघण्याआधीच उरकावा. माझी ईपीएस ९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीकडची पेन्शन आहे, तिला नोव्हेंबरचं बंधन नाही, दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो.

घराचं म्हणजे मुख्य पाण्याचा कॉक बंद, गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवायचा, फ्रिज रिकामा करून पुसायचा आणि दार थोडं उघडं ठेवायचं. देव शेजाऱ्यांकडे. किल्ली त्यांच्याकडेच, महिन्यातून एकदा ते सगळे नळ सोडतात. सोसायटीला लेखी कळवतो.

गाडगीळ_मिरज :

प्रवास कसा करता? आम्हाला बस सोसत नाही.

सातपूरकर :

नाशिक रोडहून मंगला एक्सप्रेस थेट मडगावला जाते. मिरज-पुण्याकडच्यांना गोवा एक्सप्रेस आहे, ती लोंढ्यावरून दूधसागरच्या घाटातून उतरते, दिवसाउजेडी असेल तर खिडकी सोडू नका. मुंबईहून कोकणकन्या, मांडवी, जनशताब्दी, आणि २०२३ पासून वंदे भारत. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती परत सुरू व्हावी असं मनापासून वाटतं, पण खालच्या बर्थचा कोटा आहे, पुरुषांना ६० आणि बायकांना ४५ पासून. आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच उघडतं, त्यामुळे परतीचं तिकीट तिथूनच काढावं लागतं. तारीख भिंतीवर लिहून ठेवा, होळीच्या सुमाराला जागा भराभर जातात.

सावंतवाडकर :

गोव्याच्या धाग्यात आमचीही आठवण करून देतो. सावंतवाडी, बांदा, वेंगुर्ला इथे हवा जवळपास तीच, भाडं कमी, मोपाचा मनोहर विमानतळ आम्हाला जवळ. एकच गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, गंभीर दुखणं झालं तर सिंधुदुर्गातला रुग्णही बांबोळीलाच जातो. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी गोव्याच्या आतच राहावं.

गाडगीळ_मिरज :

आणि करमणुकीचं? मला नाटक-गाण्याशिवाय राहवत नाही.

बार्देशकर :

मग तुम्ही योग्य ठिकाणी येताय. हिवाळा हाच आमचा मोसम. त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीला विठ्ठलापुरात वाळवंटी नदीत सजवलेल्या होड्या सोडतात, ते चुकवू नका, म्हणजे त्या पौर्णिमेच्या आधीच या. पुढे पणजीत इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, त्या दिवशी त्या रस्त्याने जायचं टाळा किंवा मुद्दाम जा, खाजं आणि चणे घेऊन परत या. माघात कवळ्याची आणि मंगेशीची जत्रा. पेडण्याकडे रात्ररात्र दशावतार चालतो. जत्रेच्या नाटकांना गावातली मुलं तालमी करून उभी राहतात, त्यांची संगीत नाटकं ऐका. मंगेशी हे दीनानाथ मंगेशकरांचं आणि जितेंद्र अभिषेकींचं गाव, गाणं तिथल्या मातीतच आहे.

पणजीत कला अकादमी आहे, फेब्रुवारीच्या सुमाराला कोसंबी व्याख्यानमाला असते. पाटो भागात कृष्णदास शामा ग्रंथालय, १८३२ सालची संस्था, मराठी पुस्तकं भरपूर आणि बसायला स्वच्छ जागा. लिफ्ट आहे, गुडघे दुखणाऱ्यांची सोय होते. फेरीबोटीतून पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. दुपारी रायबंदरहून चोडणला जा, पक्षी बघा, संध्याकाळच्या फेरीने परत. जाताना टोपी आणि पाणी न्या, फेब्रुवारीपासून ऊन चटका देतं.

डिसेंबर २० ते जानेवारी ५ या दिवसांत मात्र किनाऱ्याकडे फिरकू नका. वाहनांची रांग, रात्रभर आवाज, वयस्क माणसांना त्रास होतो. तेव्हा गावातच राहा, आमच्याकडे शेजारी कुणी नेवऱ्या, कुणी दोदोल आणून देतात.

डॉक्टर_सांगलीकर :

नेवऱ्या आणि दोदोल मधुमेहींनी चवीपुरतेच.

मृदुला_पुणे :

सगळं सासूसासऱ्यांना वाचून दाखवलं. सासरे फोंडा म्हणतात, सासूबाई म्हापसा, कारण त्यांची मावसबहीण अस्नोड्याला असते. दोन्ही बघायला मी आणि नवरा येणार आहोत. बघायला कधी येणं बरं?

सातपूरकर :

पाऊस असतानाच या. सप्टेंबरच्या शेवटी आलात तर ओल कुठे धरते, छत कुठे गळतं हे डोळ्यांनी दिसेल, आणि घरमालकही मोकळे असतात. सासूबाईंची बहीण अस्नोड्याला असेल तर माझं मत म्हापसा. सासऱ्यांना फोंड्याला देवदर्शनाला आम्ही बोलावू, पण रात्री-अपरात्री धावून येणारं माणूस जवळ असणं महत्त्वाचं. संधिवात आहे तर तळमजलाच बघा, आणि संडास पाश्चात्त्य पद्धतीचा आहे ना, ते खोली आवडण्याआधी बघा.

बार्देशकर :

ताई, म्हापशात शुक्रवारी या, बाजाराचा दिवस असतो, आसपासच्या गावांतली माणसं भेटतात आणि घराची चौकशी तिथेच होते. खोर्ली आणि कुचेली भागात मी दोन घरं विचारून ठेवतो, दोन्ही तळमजल्यावरची. पेडे भागातलं जिल्हा इस्पितळ तिथून जवळ आहे. गाडीने येणार की रेल्वेने थिवी स्टेशनला उतरणार ते व्यनि (खासगी निरोप) करा, थिवीला असाल तर रिक्षा ठरवून ठेवतो.